प्रदूषणाने झालेले मृत्यू मोजतात तरी कसे?

हिवाळा लागला, शहरांवर धुरकं उतरलं की वर्तमानपत्रांत एक आकडा हमखास येतो: हवेच्या प्रदूषणामुळे वर्षाला इतके लाख मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने बाहेरच्या दूषित हवेमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे ४२ लाख माणसं अकाली गेली. घरात लाकूड-कोळसा जाळल्याने होणाऱ्या धुराचे बळीही धरले, तर वर्षाचा आकडा ७० लाखांच्या आसपास जातो.

हे वाचून एक शंका येते आणि ती अगदी रास्त आहे. घरातलं कुणी दम्याने गेलं, न्यूमोनियाने गेलं, तर दाखल्यावर त्या आजाराचं नाव असतं. ‘प्रदूषण’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. मग हे लाखो मृत्यू आले कुठून? कुणीतरी अंदाजपंचे दाहोदरसे करून आकडा ठोकून दिला असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. सभागृहांत आणि न्यायालयांतही हाच प्रश्न जरा वेगळ्या सुरात विचारला जातो: ‘प्रदूषणाने मेलेला एक माणूस दाखवा.’

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते समजायला डॉक्टर असावं लागत नाही. मात्र सुरुवात हवेपासून करावी लागेल.

हवेत नेमकं असतं काय?

डोळ्यांना दिसणारी धूळ त्रासदायक असते, पण जिवावर उठतात ते बहुतेक न दिसणारे कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो त्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात. या लेखात मी त्यांना सूक्ष्मकण म्हणेन. एक घनमीटर हवेत त्यांचं वजन किती मायक्रोग्रॅम भरतं (म्हणजे ग्रॅमचे किती दशलक्षांश), हे त्यांचं माप. पुढे सूक्ष्मकणांचा नुसता आकडा आला की हेच माप समजावं.

हे कण मुख्यतः काहीतरी जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, पिकांचे अवशेष. पण सगळेच कण धुराड्यातून तयार होऊन बाहेर पडत नाहीत. कोळशातून निघणारा सल्फर डायऑक्साइड, वाहनांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि शेती-पशुपालनातून येणारा अमोनिया हे वायू हवेत एकमेकांत मिसळून नवे सूक्ष्मकण बनवतात. त्यामुळे ज्या शहरात एकही कारखाना नाही तिथेही शेकडो किलोमीटर दूरचं प्रदूषण पोचतं. शिवाय वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि उन्हात तयार होणारा ओझोन हे वायू श्वसनमार्गाची आग करतात ते वेगळंच.

हिवाळ्यात हे सगळं वाढतं, कारण जमिनीलगतची हवा थंड आणि वरचा थर उबदार अशी उलटी रचना होते. खालची जड हवा वर उठत नाही, वारा पडलेला असतो, आणि दिवसभराचा धूर माणसांच्या उंचीवरच साचून राहतो.

आत गेलेला कण पुढे काय करतो?

मोठं माणूस दिवसाला साधारण दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतं. त्यात धूळ येणारच, हे शरीराला ठाऊक आहे. म्हणून नाकातले केस मोठे कण अडवतात. त्यातून सुटलेले श्वासनलिकेच्या ओलसर अस्तराला चिकटतात. त्या अस्तरावर अतिसूक्ष्म तंतू असतात, ते सतत वरच्या दिशेने हलत राहतात आणि चिकट स्रावासकट धूळ घशाकडे ढकलतात. आपण ती खाकरून टाकतो किंवा नकळत गिळतो. दहा मायक्रॉनच्या आसपासच्या कणांचा निकाल बहुधा इथेच लागतो.

सूक्ष्मकण या वाटेने सुटून थेट शेवटच्या टोकाला जातात. तिथे वायुकोश असतात, म्हणजे हवेचे इवलाले फुगीर कप्पे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते ३० कोटींहून जास्त असतात. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. प्राणवायू रक्तात जातो तो इथूनच. त्यासाठी हवा आणि रक्त यांच्यातला पडदा कमालीचा पातळ असावा लागतो, आणि तो असतोही: सरासरी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. म्हणजे आत आलेला कण पुष्कळदा त्या पडद्याहून जाड असतो. ज्या नाजूकपणामुळे आपण जगतो, त्याच नाजूक जागी काजळी येऊन बसते.

वायुकोशांत ते हलणारे तंतू नसतात. तिथे पहारा असतो भक्षक पेशींचा. या पेशी परकी वस्तू गिळून टाकतात. जिवाणू गिळला तर त्या तो पचवतात. काजळीचा कण मात्र पचत नाही. कणावर बसलेले धातू आणि रसायनं पेशीला इजा करत राहतात, पेशी मदतीसाठी रासायनिक संदेश सोडते, आणखी पेशी धावून येतात, आणि ती जागा सुजते. एकदा सुजली तर ओसरते. पण रोज नवा माल येत राहिला तर सूज कायमची होते. शिवाय काजळीने भरलेल्या भक्षक पेशी जिवाणू मारण्याच्या कामात कमी पडतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. सर्वांत बारीक कण तर पडदा ओलांडून रक्तातही उतरतात.

यातून माणूस मरतो कसा?

श्वसनाच्या आजारांच्या चार वाटा आहेत.

पहिली दम्याची. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच चिडक्या असतात. दूषित हवेने त्या आवळल्या जातात, आतून सुजतात, चिकट कफाने बुजतात. बहुतेक झटके औषधाने आटोक्यात येतात, पण एखादा येत नाही.

दुसरी सीओपीडीची. या आजारात श्वासनलिका अरुंद होत जातात, वायुकोशांच्या भिंती फाटतात, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसं याने गेली. मृत्यूच्या कारणांत तो चौथा आहे. याचं नाव धूम्रपानाशी जोडलं गेलंय ते बरोबरच, पण आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढलेल्या असंख्य लोकांना तो धुराने आणि दूषित हवेने होतो. अशा माणसाचं फुप्फुस कसंबसं काम भागवत असतं. वाईट हवेचा एक आठवडा त्याला रुग्णालयात नेतो, आणि प्रत्येक भरतीनंतर तो आधीपेक्षा थोडा खालीच राहतो.

तिसरी वाट न्यूमोनियाची. जंतू तोच असतो, पण पहारा ढिला पडलेला असतो. याचा फटका टोकाच्या दोन वयांना बसतो. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’ या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये पाच वर्षांखालच्या ७ लाखांहून अधिक बालकांचे मृत्यू दूषित हवेशी जोडलेले होते. त्यातले बरेचसे घरातल्या धुरामुळे. या आकड्यावरून मला पुढे सरकताच येत नाही. बाळ वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, त्याची फुप्फुसं अजून घडत असतात, आणि कुठली हवा घ्यायची हे त्याच्या हातात नसतं.

चौथी कर्करोगाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरच्या हवेतलं प्रदूषण हे माणसात कर्करोग घडवणारं कारण असल्याचं जाहीर केलं. तंबाखूच्या धुराच्याच पहिल्या गटात.

इथे एक गोष्ट बहुतेकांना चकित करते. त्या ४२ लाखांपैकी श्वसनाच्या आजारांचा वाटा साधारण एकतृतीयांश आहे: १४ टक्के सीओपीडी, १४ टक्के न्यूमोनियासारखे संसर्ग, ४ टक्के फुप्फुसाचा कर्करोग. उरलेले ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे. फुप्फुसातली सूज रक्तावाटे सगळीकडे पोचते, रक्त गुठळ्या करायला लागतं, धमन्या कडक होतात. खोकला नाही म्हणजे आपल्याला काही होत नाही, असं समजणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात ठेवावं.

मग दाखल्यावर का लिहीत नाहीत?

एखाद्या भिंतीत वर्षानुवर्षं ओल मुरत राहते आणि एके दिवशी जोराच्या वाऱ्याने ती पडते. पंचनाम्यात ‘वाऱ्याने भिंत पडली’ असंच लिहिलं जाईल. ते खोटं नाही. पण शेजारची कोरडी भिंत त्याच वाऱ्यात उभी राहिली, हे पंचनाम्यात येत नाही. मृत्यूचा दाखला तसाच असतो. शेवटचा घाव कशाने बसला ते तो सांगतो. आधीची वीस वर्षं त्याच्या रकान्यांत मावत नाहीत. डॉक्टरला समोरच्या रुग्णाचं फुप्फुस दिसतं, त्याने वर्षानुवर्षं कुठल्या रस्त्याकाठी श्वास घेतला ते दिसत नाही.

तरीही ‘एक माणूस दाखवा’ याला एक थेट उत्तर आहे. लंडनच्या आग्नेय भागात गजबजलेल्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी १५ फेब्रुवारी २०१३ रोजी दम्याच्या झटक्याने गेली. शेवटच्या तीनेक वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. २०१४ च्या पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. दम्याचे अभ्यासक प्राध्यापक स्टीफन होलगेट यांनी तिचे झटके आणि जवळच्या केंद्रांवरच्या प्रदूषणाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. १६ डिसेंबर २०२० रोजी दुसऱ्या चौकशीचा निकाल लागला आणि मृत्यूच्या कारणांत तीव्र श्वसननिकामी अवस्था, गंभीर दमा यांच्या खाली तिसरी ओळ आली: वायुप्रदूषणाशी संपर्क. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

या एका ओळीसाठी जवळपास आठ वर्षं, वकील, तज्ज्ञ, घराजवळची मोजणी केंद्रं आणि न थकणारी आई लागली. प्रत्येक मृत्यूच्या बाबतीत हे होणार नाही. दाखल्यांवर प्रदूषण सापडत नाही, म्हणून प्रदूषणाने कुणी मरत नाही, हा निष्कर्ष म्हणूनच मला क्रूर वाटतो.

एकेक दाखवता येत नाही, तर मोजायचे कसे?

समूहात मोजायचे. ओल लागलेल्या हजार भिंती आणि कोरड्या हजार भिंती. वारा दोन्हीकडे सारखाच. कुठे किती जास्त पडल्या ते बघायचं.

याचा ढळढळीत नमुना म्हणजे १९५२ चं लंडन. ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत थंड, निश्चल हवेत कोळशाचा धूर शहरावर साचून राहिला. माणसांना चालताना स्वतःचे पाय दिसेनात. पण त्या वेळी आपण आपत्तीत आहोत हे कुणाला पुरतं कळलंही नाही. वयस्क आणि आजारी माणसं घराघरांत, एकेकटी जात होती. नोंदणी कार्यालयांतले आकडे जुळवल्यावर दिसलं की नेहमीपेक्षा सुमारे ४००० मृत्यू जास्त झालेत. पुढच्या तीन महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले. सरकारने त्याचं खापर फ्लूवर फोडलं. २००१ मध्ये संशोधकांनी जुने आकडे पुन्हा तपासले आणि फ्लूने त्यातला थोडाच भाग समजावता येतो, खरा आकडा १२,००० च्या आसपास असावा असा निष्कर्ष काढला. त्याआधी १९३० मध्ये बेल्जियममधलं म्यूज खोरं आणि १९४८ मध्ये अमेरिकेतलं डोनोरा हे गाव अशाच धुक्याखाली माणसं गमावून बसलं होतं. लंडननंतर १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

आता परिणाम दिसायला इतकं टोकाचं धुरकं असावं लागत नाही. संगणकाच्या मदतीने रोजचं प्रदूषण आणि रोजचे मृत्यू यांची सांगड घालता येते. २४ देशांतल्या ६५२ शहरांचा असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मकण १० ने वाढले की त्या दिवसांतले एकूण मृत्यू ०.६८ टक्क्यांनी आणि श्वसनविकाराचे मृत्यू ०.७४ टक्क्यांनी वाढतात, असं त्यात दिसलं. टक्केवारी किरकोळ वाटेल, पण हा परिणाम फक्त एक-दोन दिवसांच्या हवेचा आहे.

वर्षानुवर्षांचा परिणाम बघायला माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८१११ प्रौढांवर १४ ते १६ वर्षं लक्ष ठेवलं. १९९३ च्या निष्कर्षात, सर्वांत दूषित स्टुबेनव्हिलमध्ये मृत्यूचा दर सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. अशा अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केल्यावर जे प्रमाण हाती येतं ते असं: दीर्घकाळ सूक्ष्मकण १० ने जास्त, तर मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी जास्त.

आता हिशेब करून बघू. समजा एका शहराची वार्षिक पातळी २५ आहे आणि स्वच्छ हवेची ५. फरक २० चा, म्हणजे १० च्या दोन पायऱ्या. १.०८ गुणिले १.०८ म्हणजे सुमारे १.१६६. याचा अर्थ, स्वच्छ हवेत जिथे हजार मृत्यू झाले असते तिथे ११६६ झाले. जादा १६६, म्हणजे एकूण मृत्यूंच्या सुमारे १४ टक्के. हे १६६ जण कोण, त्यांची नावं काय, ते सांगता येत नाही. ते गेले, हे सांगता येतं. प्रत्यक्षात प्रत्येक आजाराचा आणि वयाचा हिशेब वेगळा करतात, पण गाभा हाच.

‘कारण दुसरंच असेल: सिगारेट, गरिबी, थंडी’

हा आक्षेप संशोधकांनी स्वतःच सर्वांत आधी घेतला. सहा शहरांच्या अभ्यासात प्रत्येकाचं धूम्रपान, शिक्षण, वजन, कामाच्या ठिकाणची धूळ यांची नोंद होती आणि त्यांचा प्रभाव वजा केल्यावरच ते २६ टक्के उरले. तरी उद्योगांनी जोरदार शंका घेतल्या. तेव्हा मूळ माहिती एका स्वतंत्र संस्थेच्या हवाली केली गेली. तिने सगळी गणितं पुन्हा मांडली आणि २००० मध्ये निष्कर्ष टिकतो असं सांगितलं. रोजच्या मृत्यूंच्या अभ्यासात तर हा प्रश्नच विरतो. मंगळवारी शहराची हवा बिघडली म्हणून शहरातल्या सिगारेटी किंवा गरिबी मंगळवारी वाढत नाही. तापमान रोज बदलतं, म्हणून ते गणितात वेगळं धरलेलं असतं.

‘ती माणसं तशीही जाणारच होती’

म्हातारी, आजारी माणसं. दोन दिवस आधी गेली एवढंच, असं काही जण म्हणतात. हे खरं असतं, तर वाईट हवेच्या दिवसांनंतर मृत्यू नेहमीपेक्षा तेवढेच कमी झालेले दिसले असते, कारण जाणारे आधीच गेले. आणि दीर्घकालीन अभ्यासांत फरक नाहीसा झाला असता. घडतं उलटंच: जितका काळ लांब धरावा तितका परिणाम मोठा निघतो. ‘अकाली मृत्यू’ या शब्दात महिने आणि वर्षं हरवलेली असतात. आणि समजा कुणाचं खरोखर एकच वर्ष हिरावलं गेलं, तरी ते वर्ष त्या माणसाचं होतं.

‘प्रत्येकाचा आकडा वेगळा, विश्वास कशावर ठेवायचा?’

कुणी ४२ लाख म्हणतं, कुणी ८१ लाख, २०१८ च्या एका अभ्यासाने ८९ लाख सांगितले. मोजलेली गोष्ट एकच नाही, म्हणून हे घडतं. ४२ लाख फक्त बाहेरच्या हवेचे आणि ठरावीक आजारांचे. ८१ लाखांत घरातला धूर आणि ओझोनही आहे. ८९ लाखवाल्यांनी बाहेरची हवाच धरली, पण जवळजवळ सगळे असंसर्गजन्य आजार मोजले. शिवाय सूक्ष्मकण वाढले की धोका किती वाढतो, याची वक्ररेषा प्रत्येकाने थोडी वेगळी काढली. वाद आहे तो चाळीस लाख की ऐंशी लाख यावर. शून्याच्या जवळपासचा आकडा कुणाच्याच गणितात येत नाही.

हवा सुधारली तर मृत्यू खरंच कमी होतात?

माझ्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा इथे आहे: कारण काढून घेतल्यावर परिणामही गेला.

अमेरिकेतल्या यूटा खोऱ्यात एक मोठा पोलाद कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टपासून तेरा महिने तो कामगार-व्यवस्थापन वादामुळे बंद राहिला. त्या खोऱ्यात धूम्रपान करणारे फार थोडे, हवामान तेच, माणसं तीच. सी. आर्डन पोप या संशोधकाने रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि श्वासनलिकेच्या दाहासाठी भरती झालेली मुलं बंद हिवाळ्याच्या दोन ते तीनपट होती. पुढे जाऊन काही संशोधकांनी हवा मोजणाऱ्या यंत्रांची त्या काळातली जपून ठेवलेली गाळणपत्रं मिळवली, त्यांवरच्या कणांचा अर्क निरोगी स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेत अगदी थोड्या प्रमाणात सोडून पाहिला. कारखाना चालू असतानाच्या कणांनी सूज आली. बंद काळातल्या कणांनी तितकी आली नाही.

डब्लिनमध्ये १ सप्टेंबर १९९० पासून धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. हवेतली काजळी सुमारे ७० टक्क्यांनी घटली आणि श्वसनविकारांचे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. हृदयविकाराचे मृत्यूही उतरले होते, पण नंतरच्या फेरतपासणीत दिसलं की ती घट देशभर चालूच होती, तिचं श्रेय बंदीला देता येत नाही. श्वसनविकारांची घट मात्र तपासणीत टिकली. या शास्त्रावर विश्वास बसतो तो अशा फेरतपासण्यांमुळेच.

दक्षिण कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या काळातल्या मुलांच्या तीन तुकड्यांची फुप्फुसं ११ ते १५ या वयात मोजत गेले. नव्वदच्या दशकातल्या तुकडीत पंधराव्या वर्षी ७.९ टक्के मुलांची फुप्फुसक्षमता चिंताजनक कमी होती. हवा सुधारत गेली तसं हे प्रमाण ६.३ आणि मग २००७ ते २०११ च्या तुकडीत ३.६ टक्क्यांवर आलं. फुप्फुसाची वाढ विशीच्या सुरुवातीला थांबते, त्यानंतर उतारच. लहानपणी कमी पडलेलं फुप्फुस म्हातारपणी श्वसनविकाराच्या उंबरठ्यावर लवकर पोचतं. म्हणजे या मुलांचे पन्नास वर्षांनंतरचे मृत्यू आजच टळताहेत.

‘आमची हवा मर्यादेत आहे’

कुणाच्या मर्यादेत? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्मकणांची वार्षिक शिफारस १० वरून ५ वर आणली. अमेरिकेने २०२४ मध्ये आपली मर्यादा १२ वरून ९ केली. युरोपीय संघाने २०३० साठी १० ठरवली. भारताची २००९ पासून ४० आहे. फुप्फुस सगळीकडे एकच. आकडे बदलतात ते खर्च, इंधन आणि राजकारण यांच्या हिशेबाने. जगातले ९९ टक्के लोक ५ च्या वरची हवा घेतात.

अमेरिकेत सुमारे सहा कोटी ज्येष्ठांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. तेव्हाच्या मर्यादेच्या, म्हणजे १२ च्या, खालीही मृत्यूचा धोका वाढतच होता. ज्याच्या खाली धोका संपतो अशी पातळी अजून सापडलेली नाही.

‘इतक्या घाणीत थोडं कमी करून काय उपयोग?’

इथे गणित जरा अनपेक्षित आहे. धोक्याची रेषा सरळ चढत नाही. सुरुवातीला ती झपकन वर जाते आणि पुढे सपाट होत जाते. म्हणजे ५ वरून १५ वर जाताना धोका जितका वाढतो तितका ९५ वरून १०५ वर जाताना वाढत नाही. याचे दोन अर्थ निघतात. अतिदूषित शहरात पहिल्या सुधारणेचं फळ टक्क्यांत लहान दिसेल. पण तिथे माणसं इतकी असतात की वाचलेले जीव हजारांत जातात. आणि निम्म्यावर येऊन थांबलं, तर सर्वांत मोठा लाभ पुढेच राहून जातो. शंभरावरून पन्नासवर आलेल्या शहराने हार घालून घेऊ नयेत.

तोवर रोज काय करायचं?

आधी निर्देशांक नीट वाचावा. मोबाइलवर दिसणारा ‘एक्यूआय’, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हे कणांचं वजन नव्हे. बऱ्याच देशांत प्रत्येक प्रदूषकाला वेगळे गुण देतात आणि त्यातला सर्वांत वाईट गुण हाच त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. देशागणिक पट्टी वेगळी, त्यामुळे दोन शहरांची तुलना निर्देशांकाने करू नये, सूक्ष्मकणांच्या मापाने करावी. आणि आकडा कुठल्या केंद्राचा आहे तेही बघावं. बागेतल्या केंद्राचा आकडा चौकातल्या हवेबद्दल फार काही सांगत नाही.

मुखपट्टी घ्यायची तर एन९५ प्रकारची, नाक-हनुवटीवर घट्ट बसणारी. कापडी फडक्यातून आणि बाजूच्या फटीतून सूक्ष्मकण सहज जातात. हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं तर हेपा (सूक्ष्मकण अडवणारी) गाळणी असलेलं घ्यावं आणि खिडक्या लावून वापरावं. ओझोन सोडणारी यंत्रं घरात आणूच नयेत. धावायला मुख्य रस्त्यावरून जाण्यापेक्षा एक गल्ली आतून जावं, कारण वाहनांचा धूर थोड्याच अंतरात बराच विरतो.

दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी रोजचा प्रतिबंधक इनहेलर बरं वाटतंय म्हणून बंद करू नये. झटका आला तर कुठलं औषध किती घ्यायचं आणि कधी रुग्णालय गाठायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) यांच्या लशींबद्दल विचारावं. आणि तपासणीला गेल्यावर आपण राहतो कुठे, घराशेजारी काय जळतं, कामाला कुठल्या रस्त्याने जातो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं. एलाच्या प्रकरणातल्या न्यायाधिकाऱ्याने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात, डॉक्टर आणि परिचारिका प्रदूषणाचा धोका रुग्णांना पुरेसा समजावून सांगत नाहीत, ही उणीव सरकारी मर्यादांच्या ढिलाईच्या जोडीने नोंदवली आहे.